टरफलं, खळ आणि कांद्याची सालं : ईस्टरच्या प्रकल्प नोंदी

८ मार्च २०२६, रविवार

यंदा ईस्टर ५ एप्रिलला. त्याच्या आदला रविवार, २९ मार्च, झावळ्यांचा (पाम संडे). नातवंडं तेव्हा इथंच असणार, म्हणून वही आजच उघडली.

थोरलीचा पहिला प्रश्न कामाचा नव्हताच. नाताळ ठरलेल्या तारखेला येतो, मग ईस्टर का फिरतं? तिला कागदावर लिहून दिलं : २१ मार्चला किंवा त्यानंतर येणारी पहिली पौर्णिमा धरायची आणि तिच्या पुढचा रविवार म्हणजे ईस्टर. यंदा ती पौर्णिमा गुरुवारी, २ एप्रिलला. या हिशेबानं ईस्टर २२ मार्चच्या अलीकडे येत नाही आणि २५ एप्रिलच्या पलीकडे जात नाही. तिनं कॅलेंडरवर २ तारखेभोवती चंद्र काढला, आणि मग मधल्यानं उरलेल्या सगळ्या तारखांवर अंडी काढली.

तयार कापलेला ससा द्यायचा आणि मुलानं त्यावर फक्त डोळा चिकटवायचा, असला प्रकार या वहीत येणार नाही. त्यात सगळं काम मोठ्यांचं होतं, मूल नुसती सही करतं. वस्तू निवडताना एकच पाहायचं : साहित्यानं स्वतः काहीतरी केलं पाहिजे. मेण रंगाला अडवतं, व्हिनेगर टरफल खातं, खळीत भिजलेला धागा वाळला की ताठ उभा राहतो, दाणा उगवतो. थोरली दहाची, मधला सातचा, धाकटी चारची. असं काही घडत असलं की तिघंही जागेवर थांबतात. एरवी थांबत नाहीत.

११ मार्च, बुधवार

जमवाजमव सुरू. स्वयंपाकघरात एक कागदी पिशवी टांगली, कांद्याच्या कोरड्या सालांसाठी. प्लास्टिकच्या पिशवीत ओल धरते आणि सालांना बुरशी येते, म्हणून कागदीच. पुठ्ठ्याचे अंड्यांचे ट्रे, कागदी रोल संपल्यावर उरणाऱ्या नळ्या, मेणबत्त्यांचे तुकडे, सुती दोरा, जुना पातळ पायमोजा, कागदी ताटल्या. ट्रे दिवसभर उन्हात ठेवले. त्यांना कच्च्या अंड्याचं काही लागलेलं असू शकतं. तसा डाग दिसला तो ट्रे बाहेर.

अंडी होता होईल तो पांढऱ्या टरफलाची. तपकिरी टरफलावर कांद्याचा रंग झकास बसतो, पण निळा मळकट दिसतो.

मधल्यानं विचारलं, अंडीच का? कारण अगदी हिशेबी आहे. ईस्टरच्या आधी चाळीस दिवसांचा उपवासकाळ. पूर्वी युरोपात त्या काळात अंडी खाणंही बंद असे. कोंबड्यांना ते कुणी सांगितलेलं नव्हतं. अंडी साचत राहायची आणि सण आला की घरभर अंडीच अंडी. पुढे त्या बंद टरफलात लोकांना येशूची बंद कबर दिसली आणि फुटून बाहेर येणाऱ्या पिलात पुनरुत्थान. त्याला कोंबड्यांचा भाग पटला, पुढचा त्यानं ‘नंतर ऐकतो’ म्हणून ठेवून दिला.

१४ मार्च, शनिवार

टरफलं रिकामी करणे. टिकणाऱ्या प्रत्येक वस्तूची ही पायरी, म्हणून सविस्तर लिहितो.

अंडं साबणाच्या कोमट पाण्यानं धुऊन पुसायचं. फ्रिजमधलं असेल तर आधी बाहेर काढून ठेवायचं. गार अंड्यातला बलक घट्ट असतो, लवकर निघत नाही. दोन्ही टोकांना चिकटपट्टीचा छोटा तुकडा लावून त्यातून दाभणानं भोक पाडायचं, म्हणजे तडा पसरत नाही. निमुळत्या टोकाला बारीक भोक, रुंद टोकाला तांदळाच्या दाण्याएवढं. मग तार आत घालून बलक फोडायचा. हे केलं नाही तर पुढे कितीही जोर लावा, बलक भोकाशी येऊन बसतो.

तोंडानं फुंकायचं नाही. कच्च्या अंड्यात साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू असू शकतो आणि मुलांचं तोंड भोकाला लागतंच. बाळाचं नाक साफ करायचा रबरी पंप असतो, त्यानं बारीक भोकातून हवा दाबायची. खालच्या भोकातून आतला ऐवज सरसर वाटीत पडतो. सुई नसलेली सिरिंजही चालते. मधल्याला हे काम इतकं आवडलं की तो पंप कुणाला देईना. धाकटीकडे वाटी धरण्याचं खातं. भोकं मी पाडली.

नंतर आतून पाणी खेळवायचं, शेवटच्या पाण्यात थोडं व्हिनेगर. रुंद टोक खाली करून ट्रेमध्ये दोन-तीन दिवस वाळवायचं. आत ओल राहिली तर आठवड्यानं वास येतो आणि मग सगळी कला दाराबाहेर.

वाटीतला ऐवज आजीच्या हवाली केला. तिनं विचारलं, ‘‘अहो, हे सगळं आज एकाच दिवशी काढायचं होतं का?’’

काही टरफलं भोकं न पाडता वेगळी ठेवली आहेत. वरचा तिसरा हिस्सा चमच्यानं टिचकी मारून काढलेला, खाली वाटी उरलेली. ती पेरणीसाठी.

२० मार्च, शुक्रवार

रंगांची चाचणी. पद्धत सगळीकडे सारखी : जिन्नस पाण्यात अर्धा तास उकळायचा, गाळायचा, कपभर रंगाला चमचाभर व्हिनेगर. आंबटपणामुळे टरफलाचा वरचा थर किंचित खाल्ला जातो आणि रंग धरतो. व्हिनेगर जास्त झालं तर टरफल चाळणीसारखं खडबडीत होतं.

कांद्याची सालं : सर्वांत भरवशाची. रंग नारिंगीपासून विटकरी तांबड्यापर्यंत, सालं किती आणि अंडं किती वेळ बुडालं त्यावर. पातेल्यालाही रंग बसतो. आजीचं म्हणणं वेगळं लिहायला नको.

जांभळा कोबी : आजचा खरा खेळ. काढा गर्द जांभळा, आणि त्यातून अंडं निघतं निळं. थोरलीला आधी वाटलं मी अदलाबदल केली. कोबीतला रंग आंबटात गुलाबी आणि अल्कलीत निळा होतो. टरफल बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचं, म्हणजे खडूच्याच जातीचं; त्याच्या पृष्ठभागावर आंबटपणा मरतो आणि जांभळ्याचा निळा होतो. तिनं उरलेला काढा तीन पेल्यांत ओतला. एकात लिंबू, एकात खाण्याचा सोडा, एक तसाच. गुलाबी, निळा-हिरवा, जांभळा. त्यानंतर तासभर अंड्यांकडे कुणीच पाहिलं नाही, आणि मीही आठवण केली नाही. कोबीच्या रंगाला वेळ लागतो. गर्द निळा हवा तर अंडं रात्रभर फ्रिजमध्ये काढ्यात राहू द्यायचं.

हळद : पिवळा लखलखीत, पण हाताला लागतो आणि उन्हात उडतो. बीट : काढा बघून भुलायला होतं, अंड्यावर मात्र फिकट, धुरकट गुलाबी येतो. यापुढे बीट खायलाच वापरावं.

पानाचा ठसा. नक्षीदार छोटं पान ओलं करून अंड्यावर बसवायचं, पायमोज्याच्या तुकड्यात अंडं घट्ट बांधायचं आणि कांद्याच्या रंगात सोडायचं. पान सोलल्यावर खाली पांढरी आकृती, शिरांसकट. मोजा ताणून बांधला नाही तर रंग पानाखाली शिरतो. धाकटीनं फक्त पानं निवडली, पण ती निवड कुणाला बदलू दिली नाही.

(रिकाम्या टरफलांत हवा असते, ती रंगात तरंगतात. वर बशी ठेवून दाबायची.)

२२ मार्च, रविवार

मेणाचं काम. पांढऱ्या टरफलावर पांढऱ्या मेणबत्तीच्या तुकड्यानं किंवा मेणखडूनं काढायचं आणि रंगात बुडवायचं. मेण असेल तिथं रंग लागत नाही. काढताना रेघ दिसतच नाही, हीच त्यातली गंमत. मधल्यानं टरफलावर बहिणीविषयी काहीतरी लिहिलं आणि अंडं तिच्याच हातानं रंगात सोडायला लावलं. रंग गारच हवा. कोमट झाला तरी मेण मऊ पडतं आणि रेघा फिसकटतात.

युक्रेनमध्ये ही कला फार पुढे गेलेली आहे. तिथल्या अशा अंड्याला पिसांका म्हणतात. दांडीला बसवलेल्या छोट्या नळीतून वितळलेलं मेण ओततात, आधी पांढरं झाकायचं, मग पिवळ्यात बुडवायचं, मग पिवळं झाकायचं, मग तांबड्यात, शेवटी काळ्यात. फिक्याकडून गडदाकडे. सगळ्यात शेवटी मेण वितळवून पुसलं की सगळे रंग एकदम उघडे. २०२४ मध्ये युनेस्कोनं ही परंपरा मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. नोंद युक्रेन आणि एस्टोनिया यांच्या नावे आहे.

आम्ही दोनच रंग केले, हळद आणि त्यावर कांदा. मेण काढण्याचं काम मोठ्यांचं : अंडं ज्योतीच्या वर न धरता बाजूला धरायचं, नाहीतर काजळी बसते. मेण चमकायला लागलं की फडक्यानं टिपायचं. थोरलीला उलटा विचार करायला वेळ लागला, जे पिवळं राहायला हवं ते पिवळं झाल्यावर झाकायचं, पण एकदा उमगल्यावर ती पुढची तीन अंडी कागदावर आखून बसली.

२५ मार्च, बुधवार

पेरणी. गहू काल रात्री भिजत घातले होते. टरफलाच्या वाटीला तळाशी सुईनं भोक, मग चमचा-दोन चमचे माती, दाटीनं गहू, वर मातीचा पातळ थर. पाणी ओतायचं नाही, फवारायचं. आज पेरले की ईस्टरला बोट-दीड बोट उंच होतात, त्याआधी आठवडाभर पेरलं तर लोळतात. टरफलांवर पेननं चेहरे काढले आहेत, केस उगवायचे आहेत. धाकटीला वाट पाहणं जमत नाही म्हणून तिच्या टरफलात ओल्या कापसावर मोहरी टाकली. ती दोन-तीन दिवसांत दिसू लागते.

बायबलमध्ये योहानाच्या शुभवर्तमानात गव्हाच्या दाण्याचं वचन आहे, दाणा जमिनीत पडून मेला नाही तर एकटाच राहतो. थोरलीला ते पाठ आहे. तिनं भिजलेला दाणा नखानं चिरून पाहिला आणि म्हणाली, ‘‘आजोबा, हा मेलेला नाहीये.’’ आत कोंब होता. मी वाद घातला नाही.

दुपारी धाग्याची अंडी. खळ : एक वाटी मैदा, चार वाट्या पाणी, मंद आचेवर ढवळत दाट होईपर्यंत, चिमूटभर मीठ. छोटा फुगा अंड्याएवढाच फुगवायचा, त्याला तेलाचा हात लावायचा, खळीत भिजवलेला सुती दोरा आडवा-उभा-तिरपा गुंडाळायचा. पूर्ण वाळल्यावर फुगा फोडायचा आणि भोकातून ओढून काढायचा. नायलॉनचा दोरा खळ पीत नाही, त्याचं काही उभं राहत नाही. गुंडाळताना दोरा एकमेकांवरून जितका जास्त वेळा जाईल तितकं अंडं मजबूत.

फुगे मोजून दिले आणि फुटलेल्या फुग्याचे तुकडे मोजून परत घेतले. लहान मुलाच्या घशात रबराचा तुकडा बसला तर काढणं फार अवघड. धाकटी फुग्याजवळ असेल तेव्हा कुणीतरी मोठं तिच्याजवळ, हा नियम.

२८ मार्च, शनिवार

उद्या झावळ्यांचा रविवार. झावळीच्या पात्याचे क्रूस केले. पातं ताजं हवं. वाळलेलं असेल तर तासभर पाण्यात. बोटभर रुंदीची लांब पट्टी उभी, तिच्या वरच्या भागावर आखूड पट्टी आडवी, आणि जोडावर बारीक पट्टी आधी एका तिरक्या दिशेनं, मग दुसऱ्या. टोक मागच्या वेढ्याखाली खोचायचं. डिंक नाही, दोरा नाही. पातं वाळताना आकसतं आणि गाठ आणखी आवळली जाते. पात्याच्या कडा धारदार असतात, म्हणून धाकटीला कागदाची पट्टी दिली.

हे क्रूस टाकायचे नसतात. पुढच्या वर्षी ते जाळून राखेच्या बुधवारची, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसाची, राख करतात. तो बुधवार २०२७ मध्ये १० फेब्रुवारीला आहे. मधल्यानं लगेच विचारलं, जाळायचं काम कुणाचं?

३१ मार्च, मंगळवार

कागदी ताटलीची कबर. दोन ताटल्या : एक अर्धी कापून तिच्यात दारासारखी कमान, दुसरी मागे अख्खी. पुठ्ठ्याची गोल धोंड, जाड दोऱ्याच्या गाठीनं एका कडेला अडकवलेली, म्हणजे बोटानं लोटली की बाजूला सरकते. रंगासाठी कालचा चहाचा चोथा खळीत कालवून थापला. खडकासारखा दिसतो, वासही येत नाही.

आत काय ठेवायचं यावर भांडण. मधल्याला येशूचं चित्र हवं होतं. थोरली म्हणाली, ‘‘आत कुणी नाही, तेच तर आहे.’’ मग त्यानं विचारलं, काहीच नाही? योहानात आहे : तागाची वस्त्रं पडलेली, आणि डोक्याचा रुमाल वेगळा, गुंडाळून ठेवलेला. त्यानं जुन्या रुमालाचा तुकडा कापून नीट घडी करून आत ठेवला. घडी करायला त्याला जेवढा वेळ लागला तेवढा पूर्ण कबरीला लागला नव्हता. मार्कच्या शुभवर्तमानात कबरीकडे निघालेल्या स्त्रिया वाटेत एकमेकींना विचारतात की आपल्यासाठी धोंड कोण लोटील. धाकटी दिवसभर ती धोंड लोटत होती. दोरा दोनदा बदलला.

१ एप्रिल, बुधवार

ससे आणि पिल्लं, थोडक्यात. ट्रेच्या वाट्या कापून पिवळ्या रंगवल्या, कागदाची चोच, पिल्लू झालं. नळीचं वरचं टोक दोन्हीकडून आत दाबलं की दोन कान उभे राहतात, पण ते मांजराचे दिसतात. सशासाठी कान वेगळे कापावेच लागतात. यात साहित्य स्वतः काही करत नाही, म्हणून मला यात फारसा रस नाही. मुलांना मात्र होता, ते इथं नमूद.

‘‘आजोबा, ससा अंडी कुठं घालतो?’’ घालत नाही. पण अंडी घेऊन येणाऱ्या ईस्टरच्या सशाचा लेखी उल्लेख जर्मन वैद्य गेओर्ग फ्रांक फॉन फ्रांकेनाऊ यांच्या १६८२ च्या लेखनात सापडतो, आणि ही समजूत साध्या लोकांची आणि मुलांची, असंच ते लिहितात. ऑस्ट्रेलियात सशांनी रानांचं इतकं नुकसान केलंय की तिथं त्याच्या जागी बिल्बी नावाच्या लांब कानांच्या स्थानिक प्राण्याला पुढे केलं जातं. मांजराचे कान जमलेल्या नळीला मधल्यानं बिल्बी जाहीर केलं.

गहू चांगला वर आला आहे. मोहरी कालच कापून खाल्ली गेली.

२ एप्रिल, गुरुवार

खाण्याची अंडी आज. ही पूर्ण उकडलेली, आणि रंग फक्त कांदा, हळद, कोबी. पेन, चमकी, रंगपेटी या अंड्यांना लावायची नाही. टरफलाला बारीक छिद्रं असतात. तडकलेलं अंडं रंगात घालायचं नाही, ते लगेच खाऊन टाकायचं. रंगवल्यावर तेलाचा बोटभर हात फिरवला की चकाकी येते. मग सरळ फ्रिजमध्ये, आणि आठवड्याच्या आत संपवायची. बाहेर दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं अंडं खायचं नाही.

एक अंडं मधल्यानं नुसत्या व्हिनेगरच्या पेल्यात टाकून ठेवलं आहे. बुडबुडे येत आहेत, तो कार्बन डायऑक्साइड. उद्यापर्यंत टरफल विरघळून नुसत्या पापुद्र्याचं लिबलिबीत अंडं उरेल. रंगापेक्षा यालाच जास्त गर्दी.

४ एप्रिल, शनिवार

काल गुड फ्रायडे, काही केलं नाही.

आज फांदी. वाळकी, भरपूर काटक्यांची फांदी बरणीत खडे भरून उभी केली. जर्मनीत ईस्टरला फांद्यांवर अशी अंडी टांगतात. स्वीडनमध्ये बर्चच्या डहाळ्यांना रंगीत पिसं बांधतात. आम्ही दोन्ही घेतलं.

टांगायची युक्ती : आगकाडीचा अर्धा तुकडा, गुल काढलेला. मधोमध दोरा बांधायचा, तुकडा उभा करून भोकातून आत सोडायचा आणि दोरा ओढायचा. आत तो आडवा होतो आणि अडकतो. थोरलीनं सगळी अंडी अशी ओवली. जड, म्हणजे धाग्याची, खालच्या फांद्यांवर, टरफलं वर. धाकटीचं अंडं तिच्या उंचीला, हे तिनं स्वतः मोजून ठरवलं.

५ एप्रिल, रविवार

लपवाछपवीसाठी खरी अंडी वापरली नाहीत. जुन्या वर्तमानपत्राचे तुकडे खळीत भिजवून आणि वळून आठवडाभर वाळवलेली होती, तीच लपवली. ती पडली तरी फुटत नाहीत आणि एखादं सापडलं नाही तर वासावरून शोधावं लागत नाही. कुठं काय लपवलं याची यादी खिशात. धाकटीच्या रंगाची गुडघ्याच्या वर नाहीत, थोरलीसाठी जागांऐवजी चिठ्ठ्या. एवढं वेगळं केलं नाही तर मोठं मूल पाच मिनिटांत सगळं गोळा करतं आणि धाकटं रडतं.

यादीतलं एक अंडं अजून बाहेर आहे. यादीवर जागा लिहिली आहे; तिथं नाही.

६ एप्रिल, सोमवार

आवराआवर. रिकामी टरफलं ट्रेमध्ये, मधे कापूस, वर तारीख. धाग्याची अंडी कोरड्या डब्यात. खळीला ओल लागली की बुरशी येते. गव्हाची टरफलं तळाशी चुरडून तशीच मातीत लावली. पापुद्र्याचं अंडं शनिवारी फुटलं, कसं ते तिघांनाही ठाऊक नाही.

पूर्वेकडच्या बहुतेक ऑर्थोडॉक्स चर्चचं ईस्टर जुन्या ज्युलियन पंचांगावरून काढतात, त्यामुळे यंदा ते १२ एप्रिलला. ग्रीसमध्ये त्यासाठी सगळी अंडी लाल रंगवतात आणि टोकाला टोक आपटून खेळतात. ज्याचं फुटत नाही तो जिंकतो. हे कळल्यावर मधल्यानं पुढच्या रविवारची मागणी नोंदवली आहे. पिशवीत कांद्याची सालं पुरेशी आहेत. पातेलं द्यायला आजी तयार नाही, तेव्हा शनिवारपर्यंत एखादं जुनं डबडं शोधायचं.